बोकडानं अंग झाडलं नाही

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता... आजही नाही. बीडमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळा लवतोय म्हणजे कुणाची तरी नजर लागली, असलं ज्ञान मी रोज काउंटरवर ऐकतो आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर हसतो. 'मन मोकळं ठेवा' म्हणणारे तर आणखीच डोक्यात जातात. मोकळं ठेवा म्हणजे काय, तर आमचा कचरा आत येऊ द्या!

माझी थोरली बहीण धारूरजवळ डोंगराच्या कडेला एका वस्तीवर दिली आहे. दाजींचा शेळ्यामेंढ्यांचा कळप आहे. त्यांची मुलगी सविता बारावी झाली आणि लातूरला नर्सिंगला तिचा नंबर लागला. पोरगी आनंदानं नाचत होती आणि दाजी अडून बसले — "देवाला इचारल्याबिगर पोरगी वस्तीभायेर जानार न्हाई."

विचारायची पद्धत अशी, की देवाच्या ठाण्यापुढे बोकड उभा करायचा, हळदकुंकू लावायचं आणि अंगावर पाणी ओतायचं. त्यानं अंग झाडलं तर देवाचा होकार, मग बोकड कापून भावकीला जेवण. नाही झाडलं तर नकार.

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. अहो, ओलं जनावर अंग झाडतंच! पिढ्यान्‌पिढ्या ही माणसं जनावराच्या सवयीला देवाचा शब्द समजतायत... वा रे अक्कल. म्हटलं, चला, या अकलेचा एकदा तरी पोरीला फायदा होऊ दे.

"दाजी," मी सगळ्या भावकीदेखत म्हणालो, "बोकड सांगेल ते मला मान्य. पण नंतर शब्द फिरवायचा नाही."

"तुमीबी फिरवायचा न्हाई, पाव्हणं."

"कावून नादाला लागतो रे?" बहीण पुटपुटली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

रविवारी भर दुपारी सगळे ठाण्यापुढे जमलो. दाजींनी तांब्या ओतला. बोकड उभा. पुन्हा ओतला. बोकड तसाच. मी हसत म्हणालो, "चिकटपणा करू नका, पाणी कमी पडतंय." मग मीच हौदातली गार पाण्याची बादली भरली आणि त्याच्या पाठीवर रिकामी केली. पोटाखालून धारा लागल्या. कानात पाणी गेलं. त्यानं कानसुद्धा हलवला नाही! फक्त जबडा चालू होता... निवांत रवंथ करत तो माझ्याकडे बघत होता.

मी पुन्हा बादली भरून शेजारच्या शेळीवर ओतली. तिनं फडफड अंग झाडून माझा शर्ट भिजवला. बोकड मात्र उन्हात उभ्या उभ्या वाळला.

"देव न्हाई म्हनतोय. उठा," दाजींचे चुलते म्हणाले. दाजींचा चेहरा पार उतरला. त्यांनाही होकारच हवा होता, हे मला तेव्हा कळलं. पण शब्द मी दिला होता, चारचौघांत आणि केवढ्या तोऱ्यात!

तेवढ्यात सविता पुढे आली. "देवाला तुमी इचारलं. बोकडाला मामानं इचारलं. मला कुनी इचारलं का?"

ती थेट दाजींसमोर जाऊन उभी राहिली.

"त्यो न्हाई म्हनला आसंल. मी जानार हाय."

दाजींनी एकदा ठाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जा तू. देवाचं मी बगतो." कॉलेज उघडायच्या वेळी धारूरच्या स्टँडवर तिची पेटी त्यांनीच डोक्यावरून आणली.

आता स्पष्टीकरणं ऐका. ओळखीचा जनावरांचा डॉक्टर म्हणाला, घाबरून आखडला असेल. म्हटलं, घाबरलेला बोकड रवंथ करतो का? तो चहा पिऊ लागला. भाविक म्हणाले, देवानं परीक्षा घेतली. म्हणजे होकार देवाचा, नकारही देवाचा आणि नकार मोडला तरी देवच पास! आमच्या विज्ञानवाद्यांच्या ग्रुपवर तर, ज्यांनी ताटाबाहेर कधी बोकड पाहिला नाही त्यांनी मलाच खोटं ठरवलं — 'असं होऊच शकत नाही.' अरे बाबांनो, मीही हेच म्हणत होतो, बादली हातात घेऊन! काय झालं ते मला आजही सांगता येत नाही.

सविता दुसऱ्या वर्षाला आहे, मजेत आहे. दाजी बिनघोर झोपतात, नारळ फोडून त्यांनी देवाशी मिटवून टाकलं म्हणे. इकडे तिनं फोन उचलला नाही की माझाच जीव खालीवर होतो, हातातली काच टेबलावर ठेवावी लागते. बायको म्हणते, एक नारळ तुम्हीही फोडा. पण मी कुणापुढे फोडू?