पंखा सभासदांसाठी

जवळ या बघू. अहो, दारात कसले उभे राहता, मान वर करून बोलवत नाही आता मला. आणि हातातलं ते संघाचं पुस्तक आधी खाली ठेवा. गुळगुळीत कागद दिसला की तुम्ही शिकलेली माणसं लगेच विश्वास ठेवता, ही खोड चांगली नव्हे. झोपडीतल्या माणसाला हक्काचं घर मिळावं म्हणून देशभर भांडणारा संघ. त्याचा सगळा इतिहास त्यात छापलाय म्हणे. ज्यांनी संघ काढला त्या आमच्या बाई मात्र त्यात नाहीत.

"बसा. पंखा नाहीये."

देणगीदार आला की बाईंचं हे पहिलं वाक्य. वर बघायच्या नाहीत, बोटाने चटई दाखवायच्या.

येरवड्याला आमच्या मागच्या भिंतीला भिंत लागून त्यांची खोली, दार पुढच्या गल्लीत. बालवाडी चालवायच्या. वस्तीच्या नळासाठी एकदा कचेरीत गेल्या, तर साहेब म्हणाला, "एकट्यादुकट्याचं ऐकत नाही. संघटना आहे का?" बाई म्हणाल्या, "उद्या असेल." आणि दुसऱ्या दिवशी खरंच पाटी रंगवून आणली. वर लिहिलेलं 'अखिल भारतीय'. मी म्हटलं, "बाई, आपला भारत येरवड्यापासून खडकीपर्यंत. तोही बस मिळाली तर." त्या म्हणाल्या, "पाटीला काय, मोठीच रंगवावी. साहेब लांबून वाचतो."

पैशाचं म्हणाल, तर आम्ही बायका ज्या घरांत धुणीभांडी करायचो तिथली रद्दी मागून आणायचो. ती विकायची, त्यावर संघ चालायचा. तेव्हा रद्दी विकून चालायचा, आता रद्दी छापून चालतो. प्रगतीच म्हणायची.

हळूहळू दुसऱ्या शहरांतल्या वस्त्या येऊन मिळाल्या. पाटी खरी ठरली. मग दिल्लीहून, परदेशातून देणगीदार यायला लागले, आणि बाईंनी नियम केला: ज्याला पैसे द्यायचेत त्याने आधी उन्हाळ्यातली एक दुपार आमच्या पत्र्याखाली बसायचं. एक ते चार. नाही बसला तर पैसे नकोत.

काय एकेक नमुने यायचे! एक कोटवाले साहेब वीस मिनिटांत उठले, अचानक महत्त्वाचा फोन आला. न वाजताच आला. एका बाईसाहेबांनी वहीत लिहिलं, 'अनुभव हृदयस्पर्शी.' बाई म्हणाल्या, "हृदयाचं नंतर बघू. आधी पाणी प्या, चक्कर येईल."

आणि पंखा होता हो! डोक्यावर ढळढळीत लटकत होता. एकाने धीर करून बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, "तो सभासदांसाठी आहे."

मग एका वर्षी तो आला. बिल्डर. पांढरा सदरा, तोंडात साखर, बरोबर एक फोटोवाला. बाईंनी चटई दाखवली आणि हा गृहस्थ बसला. दोन वाजले, बसला. तीन वाजले, सदरा पाठीला चिकटला, तरी बसला. वर आपुलकीने विचारतोय, "किती घरं आहेत ताई? कागद कुणाकडे आहेत? पलीकडची गल्ली कुठे निघते?" बाईंना वाटलं, अखेर एक तरी विचारणारा भेटला. सगळं सांगितलं, भिंतीवरचा नकाशासुद्धा काढून दाखवला. चार वाजता त्या उठल्या आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी देणगीदारासाठी पंखा लावला.

त्याच्या पैशावर संघाची मोठी परिषद झाली. झोपडीतल्या उकाड्यावर चर्चा, आणि हॉटेलच्या हॉलमध्ये अशी थंडी की मी पदर कानावर घेऊन बसले.

आणि वर्षाच्या आत आमच्या वस्तीला नोटीस लागली. पुढच्या दोन गल्ल्या खाली करा, इमारत होणार आहे. कुणाची, ते सांगायला नकोच. ज्यांच्याकडे कागद नव्हते, बरोबर त्याच गल्ल्या. त्यात बाईंची खोली. आमची ओळ पाठीमागची, नाल्याकडेची, म्हणून वाचली. नाल्यावर कुणाचं प्रेम नसतं.

संघाच्या बैठकीला मी बाईंबरोबर गेले होते. बाई म्हणाल्या, "त्याचे पैसे परत करा आणि कोर्टात चला." अध्यक्ष, ज्यांना बाईंनीच भाषण करायला शिकवलं, ते हसून म्हणाले, "बाई, नियम तुमचाच ना? ते बसले होते की नाही?"

"बसले होते," बाई म्हणाल्या. पिशवी उचलली आणि निघाल्या. त्या पुन्हा संघात गेल्या नाहीत.

बसमधून उतरताना माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, पत्र्याखाली बसला म्हणजे आपला झाला, असं धरून चालले मी. पंखा लावला गं मी त्याच्यासाठी."

त्यांना शहराबाहेर सातव्या मजल्यावर खोली मिळाली. सामान हलवताना पंखा उतरवून माझ्या हातात दिला. "तुझ्याकडे असू दे. सभासद तू उरलीस." तिकडे त्या दोनच उन्हाळे राहिल्या. गेल्याचा निरोप आला तेव्हा संघाची कुठेतरी परिषद चालू होती. फुलं नाहीत, फोन नाही.

आता उचला ते पुस्तक. मधलं पान काढा. घामाघूम बिल्डर चटईवर बसलाय, खाली छापलंय 'तळागाळाशी नातं'. कडेला बघा, फोटो कापलाय तिथे. पंख्याच्या बटणावर एक हात दिसतोय ना, हिरव्या काचेच्या बांगड्या? एवढ्याच उरल्यात आमच्या बाई त्यांच्या इतिहासात.

चला, निघा आता, उशीर होईल. पण लवकर परत या. दुपारचेच या, ऊन असलं तरी. मी पंखा लावीन. तुम्हाला कुठे आम्हाला काही द्यायचंय!