एकादशीच्या क्लुस्की

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही धड कळत नाही. ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांतलं एक माणूस आता नाही, आणि दुसरं कुठे आहे मला माहीत नाही.

आम्ही आखातात, रिग्गईत राहायचो तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर डानुटा राहायची. पोलंडची. नवरा मीना अल-अहमदीला रिफायनरीत इंजिनिअर आणि ही दिवसभर घरात एकटी — माझ्यासारखीच. तिनं मला क्लुस्की शिकवल्या, म्हणजे तिच्या आईकडचे बटाट्याचे गोळे. उकडलेले बटाटे कुस्करून पातेल्यात थापायचे, चार भाग करायचे, एक भाग उचलायचा आणि त्या रिकाम्या जागेत बटाट्याचं स्टार्च भरायचं. मग एक अंडं घालून सगळं मळायचं. गोळ्याला मधोमध बोटानं खळगा पाडायचा आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. अंडं नसलं तरी चालतं, म्हणाली होती, स्टार्च जरा वाढव. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

सासरे गेल्यावर सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या. जन्मात अंड्याला शिवल्या नव्हत्या. माझा स्वयंपाक त्यांना कधी आवडला नाही. "हाताला चव नाही गं तुझ्या," — रोज, भाजीचा पहिला घास घेतल्या घेतल्या. डानुटा चहाला आली की तिचा कप वेगळा. ती गेल्यावर तो मी बाल्कनीत नेऊन ठेवायचा. मी ठेवायचे. आतून मात्र नुसती धुमसत असायचे.

एका एकादशीला घरात साबुदाणा नव्हता. मला वाटलं — बटाटा आणि बटाट्याचंच स्टार्च, उपासाला का नाही चालणार? अंडं न घालता क्लुस्की केल्या, दाण्याच्या आमटीत सोडल्या. जरा फुटल्या. सासूबाईंनी ताट सरकवलं. "लगदा झालाय."

पुढच्या एकादशीला मी अंडं घातलं.

सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं. खळग्यात साठलेली आमटी चमच्यानं निगुतीनं खाल्ली आणि म्हणाल्या, "आज जमलं हो!" मग दर एकादशीला तेच. शेजारच्या फ्लॅटमधल्या जोशीकाकूंनाही कौतुकानं सांगितलं. एवढंच नाही, शेवटी डानुटाला स्वतःहून चहाला बोलावलं, आमच्या कपात चहा दिला आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, हे कसं करायचं? सांगलीला जाऊन मैत्रिणींना करून घालायचं होतं त्यांना.

डानुटा खूश झाली. बोटांवर मोजत सांगू लागली — पोटॅटो, स्टार्च, वन एग. माझ्याकडे हात करून म्हणाली, ही अगदी माझ्या आईसारख्या करते.

"एग?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा तरी बोलायचं ना? मी म्हणाले, "आई, पीठ हीच वरून मळून देते. मला कुठे माहीत!"

डानुटाला मराठी येत नव्हतं, पण सासूबाईंचा चेहरा दिसत होता. तिनं मला विचारलं, काय झालं? मी तिच्याकडे न बघता इंग्रजीत सांगितलं, पीठ तू मळतेस असं मी त्यांना सांगितलंय, त्या अंडं खात नाहीत. तिनं हातातला कप खाली ठेवला. मग सासूबाईंपुढे हात जोडून म्हणाली, "सॉरी, मम्मी. माय मिस्टेक."

सासूबाई ओरडल्या नाहीत. उठल्या, डोक्यावरून अंघोळ केली आणि देवासमोर जाऊन बसल्या. पुढे कितीतरी दिवस नुसत्या ताकावर राहिल्या, चक्कर येऊन पडेपर्यंत. मी लिंबू-सरबत करून द्यायचे आणि डॉक्टरांना सांगायचे, वय झालंय.

डानुटानं नंतर एकदा बेल वाजवली होती. मी दार उघडलं नाही. तिच्या नवऱ्याचं काँट्रॅक्ट संपल्यावर ते देश सोडून गेले. खाली टॅक्सीत बॅगा चढत होत्या, त्या मी पडद्याआडून पाहिल्या.

आणि अजूनही मी खरं सांगितलेलं नाही — गोळे फुटू नयेत म्हणून अंडं घातलं, असंच तुम्हाला वाटत असेल ना? स्टार्च वाढवलं असतं तर भागलं असतं. डबा भरलेला होता. फ्रीज उघडून मागे लपवलेलं अंडं काढताना मला बरं वाटायचं. त्या "जमलं हो" म्हणायच्या तेव्हा मी पाठमोरी उभी राहून हसायचे. अगदी मनापासून.

सासूबाई शेवटी सांगलीला अंथरुणाला खिळल्या. नर्सच्या हातचं घ्यायच्या नाहीत, लेकीच्याही नाही. "परमुलखात फसवलं होतं मला," असं आल्यागेल्याला सांगायच्या, "आता फक्त हिच्या हातचं." एकादशीला मी भगर मऊ शिजवून चमचा पुढे केला. त्यांनी काय आहे ते विचारलं नाही. डोळे मिटले आणि तोंड उघडलं.