जनूची राखण

रोह्याच्या कंपनीत प्रविणला सगळे 'कॉम्प्युटरवाला' म्हणत, आणि पेणजवळच्या त्याच्या खाडीकाठच्या गावात 'ठमाबाईचा साहेब'. साहेब कसला! बारावीनंतर पनवेलला सहा महिन्यांचा कोर्स, मग रोह्यात एका केमिकल कंपनीत बिलं छापायची नोकरी, आणि सात वर्षांनी सर्व्हरच्या खोलीची किल्ली, एवढीच त्याची साहेबी. पण त्या खोलीत एसी होता, आणि एसीत बसणाऱ्याला गाव साहेबच म्हणणार.

अठ्ठ्याण्णव साली कंपनीने दोन नवे सर्व्हर घेतले. एक पडला तर दुसऱ्याने त्याचं काम उचलायचं, अशी जोडी. प्लांटमधले कामगार तासातासाला टर्मिनलवर तापमान भरत, ते कधी अडू नये म्हणून हा खटाटोप. मुंबईचा इंजिनीअर जोडणी करून गाडीच्या घाईत निघून गेला आणि नियम ठरवायचं काम प्रविणवर आलं. काम दुसऱ्याकडे कधी द्यायचं, सहा तासांत किती वेळा पडला की त्याचा नाद सोडायचा, हे त्याने पुस्तकात बघून भरलं. शेवटचा प्रश्न असा होता: पहिला पुन्हा उठला, की काम त्याला परत द्यायचं का? मशीनने आपणहून 'नको' धरलं होतं. प्रविणला हसूच आलं. एवढ्यासाठी त्याला पुस्तक नको होतं.

त्याच्या गावची भातशेती खाडीच्या बांधावर तगलेली. उधाणाला घरटी एक माणूस बांधाच्या आपापल्या तुकड्यावर राखणीला उभा राहतो. कुणी आजारी पडला, कुणाला उशीर झाला, तर शेजारचा दोन्ही तुकडे सांभाळतो. धनी आला की त्याचा बांध त्याला. लहानपणी बापाची भाकरी घेऊन प्रविण बांधावर जायचा, तेव्हा हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने 'लगेच परत द्यावे' यावर खूण केली आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा होऊन चहाला गेला.

जुलैतल्या एका रविवारी, प्रविण सुट्टीवर असताना, पहिला सर्व्हर आजारला. धड मरेना, धड जगेना. तो पडे, दुसरा काम उचले. पहिला उठे, काम लगेच त्याच्याकडे जाई, आणि तो पुन्हा पडे. दुपारच्या तीन तासांत हे नऊ वेळा झालं, आणि दर बदलीत नुकतंच भरलेलं पुसलं गेलं. सोमवारी सकाळी मशीनच्या नोंदीत प्रविणने ते वाचलं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. त्याने गुपचूप ती खूण 'नको'वर आणली. तेवढ्यात शिपाई सांगत आला, की काल एका घाणीची, म्हणजे एका बॅचची, तीन तापमानं भरलेलीच नाहीत, सगळा माल फेकून द्यावा लागला आणि ऑपरेटरला काढलं. पाळीवर झोपला होता म्हणे.

तो ऑपरेटर म्हणजे जनू. प्रविणच्या गावचा, बांधावरचा त्याचा शेजारी, आणि प्रविणनेच शब्द टाकून कंत्राटात लावलेला.

त्याच वेळी उठून साहेबांना सांगायला हवं होतं. प्रविणने मिठाची गुळणी धरली. परमनंटचं पत्र यायचं होतं. उद्या सांगू, असं तो रोज स्वतःला सांगत राहिला. त्या गावात माणसाला चोर म्हटलेलं एक वेळ खपेल, पण राखणीवर झोपला म्हटलेलं खपत नाही. जनूची बायको पुतळी बायकांबरोबर पाण्याला यायची बंद झाली. एका संध्याकाळी ठमाबाईने लेकाला विचारलं, "जनू झोपला व्हता म्हनतान. तुजेच कंपनीन ना? खरा काय रं?"

"मना काय म्हायत, आये," प्रविण म्हणाला, आणि अर्ध्या ताटावरून उठला.

पिठोरी अमावास्येला भरदुपारी मोठी भरती होती. बाप गेल्यापासून राखण प्रविणची. त्याने अर्धी रजा टाकली, पण गाडी वाटेत तासभर अडली. धावतपळत तो बांधावर पोहोचला, तर त्याच्या तुकड्यावर जनू उभा! गुडघाभर चिखलात, हातात फावडं. बांध एके ठिकाणी झिरपत होता, तिथे त्याने चिखलाची ढेकळं दाबून बसवली होती.

"दादा, आयलू मी," प्रविण धापा टाकत म्हणाला. "दे माजा बांध."

"बस जरा. पानी उतरू दे, मंग घे."

"धनी आयला का त्याचा बांध त्याला ना?"

"उतरल्याव. भरतीन बांध या हातातून त्या हातान देत नाय, खांड परते, पानी शेतान शिरते." जनूने त्याच्याकडे पाहिलं. "तुजे बापानं सांगितला नाय?"

बापाने सांगितलं असेल. पण पोरगा प्रविण भाकरी घेऊन यायचा तो ओहोटीला, पाणी उतरल्यावर. परत देणं त्याने पाहिलं होतं, आधीचं थांबणं कधी पाहिलंच नव्हतं. तो ओल्या बांधावर मटकन बसला, आणि दीड महिना अडवलेलं सगळं बोलून गेला. खूण, नऊ वेळा, पुसलेली तापमानं, सगळं.

जनूचं फावडं थांबलं. "म्हंजे मी भरलेली ती व्हती?"

"व्हय. तिन्ही. माज्यामुलं गेली."

"साहेबाला सांगितलास?"

"नाय."

"मंग मना कनाला सांगतंस?" जनू म्हणाला. "मी जागा व्हतू, ता मना म्हायत हाय."

पाणी उतरेपर्यंत तो ढेकळं दाबत राहिला. मग जनूने फावडं प्रविणच्या हातात दिलं आणि तो घरी गेला. प्रविणला रडू फुटलं, पण ते पुसायलाही हात स्वच्छ नव्हते.

पुढे कंपनीने जनूला परत बोलावलं, गावात सगळ्यांना खरं कळलं, आणि प्रविण पुन्हा बिलं छापायला बसला. ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मशीनच्या नोंदीचा कागद आणि खोलीची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी कागद वाचला, तारीख बघितली आणि ते भडकले.

"दीड महिना झाला याला! इतके दिवस काय झोपला होतास?"

"नाही साहेब," प्रविण म्हणाला. "जागा होतो."