साडूंचं नाक

नाकाच्या भरवशावर जगणाऱ्या माणसांत अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडूंचाच पहिला नंबर लागेल. लोणखेड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून झालं, की ते घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरतात. तिथे पिंपात उसाची मळी आंबत असते आणि तिच्यात खवट तुपाच्या वासाचं आम्ल तयार होतं. ते वेगळं काढायला साडू आंबलेलं पाणी तोटीच्या काचेच्या नरसाळ्यात घेतात, त्यात आम्ल ओढून घेणारं सॉल्व्हंट ओततात, बूच लावून खळखळ हलवतात, मान वळवून कोंडलेला वायू सोडतात आणि पाणी खाली, सॉल्व्हंट वर असे थर बसायची वाट बघतात. वरच्या थरात आम्ल उतरलं की नाही, ते त्यांचं नाक सांगतं. सॉल्व्हंट भुर्रकन पेट घेणारं, त्यामुळे तिथे मी सारखा खिसे चाचपत असतो, चुकून काडेपेटी तर नाही ना! साडू घरात ताकाची बाटलीही मान वळवूनच उघडतात. आमटीवर तर्री जमेपर्यंत कुणाला चमचा घालू देत नाहीत. "थर बसू द्या!" एसटीत त्यांच्या शेजारी कुणी बसत नाही. त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, त्यांनी तर त्या शेडचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता.

या हिवाळ्यात साडूंना ताप येऊन गेला आणि मग त्यांचा घाबराघुबरा फोन आला. "साडूभाऊ, आम्ल निंघत नही. वासच येत नही. तुम्ही या."

मी फाटकाशी पोचलो तोच वास नाकात शिरला, नेहमीसारखाच मळमळवणारा. आम्ल निघत होतं. गेलं होतं ते साडूंचं नाक. ताई ओट्यावर पदर नाकाला लावून उभ्या होत्या. "मी काहीच सांगेल नही त्यास्ले," त्या हळूच म्हणाल्या. साडूंना त्यांनी अजून काही कळू दिलं नव्हतं.

शेडमध्ये साडूंनी नरसाळं माझ्यापुढे धरलं. "खरं सांगा, वास यी ऱ्हायना का?" वास येतोय का, एवढंच त्यांना हवं होतं. हो म्हणावं तर नाक गेलं, नाही म्हणावं तर एवढ्या वर्षांची मेहनत गेली. मी नरसाळ्यावर वाकलो. त्या उग्र वासानं माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. साडू ते बघत राहिले.

"म्हणजे थर बराबर बसना," थर नीट बसल्याची खात्री पटून ते म्हणाले आणि नरसाळं सांभाळून स्टँडवर ठेवलं.

नाक परत येईलही, असं डॉक्टर म्हणतात. परवा गेलो तर शेडमध्ये स्टुलावर ताई बसलेल्या. साडूंनी नरसाळं पुढे धरलं, ताईंनी नाकावरचा पदर काढला.

"यी ऱ्हायना का?"

"यी ऱ्हायना. कालपेक्षा जास्ती शे."

त्या शेडची मला कायम धास्ती वाटत आली आहे. त्या दिवशी मात्र तिथून पाय निघेना.