बटणांवरच्या टिकल्या

झाडीपट्टीच्या नाटकात नायकाचा घसा बसला तर निभावतं, वादकाची बटणं बसली तर नाही. रडणं, वीज कडाडणं, खलनायकाचं येणं, सगळं त्याच्या बोटांत असतं. मूल गावचा माझा वादक मित्र हे सगळं वर्षानुवर्षं एकाच जुन्या सिंथेसायझरवर करत आला होता. यंदा त्याची निम्मी बटणं मुकी झाली. मंडळाच्या मालकांनी त्याला सरळ सांगितलं, "मुहूर्ताच्या तालमीत नीट वाजव, नाई तर मी लॅपटॉपवाला पाहून ठेवला हाये."

मी वीज केंद्रात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करतो. म्हणून तो सिंथेसायझर माझ्या ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये ठेवून गेला. उघडला तर आत अक्षता, उदबत्तीची राख आणि अनेक दसऱ्यांचा गुलाल. वर बटणांना टिकल्या चिकटवलेल्या: लाल, हिरव्या, एक खड्याची. वाद्याची पूजा करतात हे ठाऊक होतं. बटणांना सौभाग्यही बहाल करतात, हे नवीन होतं. माझ्यातला विवेकवादी जागा झाला. स्पिरिट आणि कापूस घेऊन मी ती अंधश्रद्धा मुळापासून खरवडून काढली.

प्रत्येक बटणाखाली रबराचा काळा ठिपका असतो. तो खालच्या सर्किटच्या पट्टीला टेकला की आवाज निघतो. नेहमीच्या बटणांचे ठिपके झिजले होते. परदेशी चर्चच्या घंटेच्या आवाजाला आपल्याकडे कोण विचारतं? अशा बेकार बटणांचे ठिपके काढून मी कामाच्या बटणांना चिकटवले. काम झकास झालं.

मुहूर्ताच्या सकाळी मित्र जीप घेऊन आला. वाद्यावरून बोटं फिरवून त्यानं विचारलं,

"टिकल्या कुठी गेल्या?"

"फेकल्या. काऊन?"

"भाऊ, कामाच्या बटणावरची अक्षरं कवाच झिजली. लाल म्हणजे रडणं, हिरवी म्हणजे वीज, खड्याची म्हणजे नाचवाली. तुमी साफसफाई नाई केली, माहा नकाशा पुसला."

बटणं दाबून पाहायला जीपमध्ये वीज नव्हती. तालमीच्या जागी, मूलच्या राईस मिलच्या आवारात पोचलो, तर प्रमुख पाहुणे आमच्या आधीच हजर. पुढारी वेळेवर येण्याचा मुहूर्तही त्यांनी आजच काढला होता.

प्लग लावला तोच मालकांनी खूण केली, स्वागताची धून वाजव. मित्रानं डोळे मिटून एक बटण दाबलं. वीज कडाडली. पाहुण्यांनी शेडच्या पत्र्याकडे पाहिलं आणि भाषणाला सुरुवात केली. घाबरून त्यानं दुसरं दाबलं. नायिकेची आई मरते तेव्हाची धून सुरू झाली. ती थांबवायचं बटणही सापडेना. मागे नट उपरण्यात तोंड खुपसून हसत होते.

पाहुण्यांना मात्र ती साथच वाटली. कलेच्या सेवेत आपण काय काय सोसलं, हे सांगताना त्यांचा स्वर भिजू लागला. शेवटी त्यांनी खरंच डोळे पुसले आणि पहिल्या प्रयोगाच्या उद्घाटनाला हाच वादक हवा, असं माईकवरून जाहीर केलं.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मालक माझ्याजवळ आले.

"आता याले काढलं तर साहेब विचारतीन. त्या लॅपटॉपवाल्याले काय सांगू?"

"सांगा, त्याले रडता येत नाई," मी म्हणालो.

मित्र खाली मान घालून उरलेली बटणं एकेक दाबून पाहत होता आणि प्रत्येक आवाजानंतर माझ्याकडे डोळे वटारत होता.