आत्या फाटकातूनच परतली

आत्या गेल्याचा फोन धारहून आला तेव्हा मी कंपनीत होतो. तेराव्यासाठी रजा मागताना साहेबांना म्हणालो, "आईसारखी होती." हे बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही. तिला शेवटचं पाहिलं ते दोन महिन्यांपूर्वी, देवासच्या माझ्या घराच्या फाटकाबाहेर... आणि ते फाटक मी उघडलं नव्हतं.

आत्या धारच्या शाळेत शिकवायची. आम्ही भावंडं हिंदी शाळेतली, मराठी पुस्तक दिसलं की पोटात दुखायला लागणारी. नव्वदनंतरच्या त्या उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत तिनं मला शेजारी बसवून, ओळीखाली बोट फिरवत वाचायला शिकवलं. पुढे मी देवासला नोकरीला लागलो, तरी महिन्यातून एका रविवारी ती इंदूरला बस बदलून यायची, पिशवीभर पुस्तकं घेऊन. बसमध्ये वाचायचीही, आणि शेजारणीला माळवीत गोष्ट सांगत बसायची. एकदा तर देवास मागे टाकून थेट मक्सीला पोचली. "अरे, त्या बाईला शेवट ऐकायचा होता. मधेच कशी उतरू?" म्हणाली. आम्ही तिला त्यावरून वर्षभर चिडवलं.

मग स्वाइन फ्लूचं साल आलं. वर्तमानपत्रात रोज पुण्याचे मास्क लावलेले चेहरे. माझा मुलगा पाच वर्षांचा, आणि मी घाबरट. बाहेरचं कुणी घरात घ्यायचं नाही, असा हुकूम मी सोडला होता. त्या रविवारी सकाळी चौकातल्या गर्दीत उभं राहून पोहे-जिलेबी मात्र मीच आणली होती, हेही सांगून टाकतो. दुपारी आत्या आली. फाटकाशी पोचताच तिला ठसका लागला. बसच्या धुरानं लागला असेल, पण मी ओट्यावरूनच म्हणालो, "आत्या, सध्या आम्ही कुणाला आत घेत नाही. पोरगं लहान आहे ना..."

तिनं हातातली पिशवी पुढे केली. मग म्हणाली, "बरोबर आहे रे. पुस्तकं तरी घे."

"ठेव तिथेच."

तिनं पिशवी फाटकाला अडकवली आणि वळली. बायको मागून पुटपुटली, "निदान पाणी तरी..." मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पिशवी दोन दिवस उन्हात राहू दिली. फोन करून माफी मागायची, असं रोज ठरवत होतो. साथ ओसरली की स्वतःच जाऊन येऊ, अशी समजूत काढत होतो. साथ ओसरायच्या आधी तिचं हृदय थांबलं.

तेराव्याला धारला गेलो. तिच्या खोलीत शेजारच्या भाभी मला पाणी देत म्हणाल्या, "भिया, बैनजी आपकी भोत तारीफ करती थीं. उस दिन देवास से लौटीं तो मैंने रोटी का पूछा. बोलीं, पेट भरा है, भतीजे ने खाए बिना आने ही नी दिया. बीमारी के टाइम में कौन करता है इत्ता?"

खोलीत सगळे नातेवाईक बसले होते. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. सकाळी धारहून निघालेली आत्या त्या दिवशी उपाशीच झोपली होती, हे त्या खोलीत फक्त मला कळलं. खरं बोलायला तीच वेळ होती.

मी म्हणालो, "हाँ भाभी, ज़िद करके खिलाया था."