एकाच काथवटीतल्या दोघी

माझी आत्या अल्बर्टिना भट्टीत क्षणभर हात घालायची आणि सांगायची, आता पाव ठेवा. तिचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही.

स्पेनच्या सीमेलगतच्या आमच्या फ्राग्वेला गावात वीस जानेवारीला संत सेबास्तियनचं जेवण असतं. कधीकाळी रोगराईनं डोंगरातली बाकीची गावं ओस पडली, आमचं तेवढं वाचलं. तेव्हापासूनचा नवस आहे. त्या दिवशी बर्फ तुडवत जो कुणी येईल, त्याला पाव, भात आणि डुकराचं मटण द्यायचं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबल मांडतात. पाव कमी पडले तर संत गावावरचा हात काढून घेईल, असं म्हातारी माणसं सांगत. त्यामुळे आधीचे चार दिवस आम्ही बायका भट्टीघरातच असायचो, आणि तिथं आत्याचा शब्द शेवटचा.

तिच्याबरोबर एकाच काथवटीत पीठ मळायची ती शेजारीण फेलिझ्मिना. दोघी एकाच महिन्यात लग्न होऊन आलेल्या, दोघींना एकेकच मुलगा. आत्याचा आदेलिनो आणि तिचा बेल्मिरो. आफ्रिकेतल्या लढाईसाठी दोघांनाही बोलावणं यायचं होतं. त्याआधीच एका पहाटे आदेलिनो नाहीसा झाला. झेफेरिनो नावाच्या वाटाड्यानं त्याला डोंगरावरून स्पेनमध्ये उतरवलं, तिथून तो फ्रान्सला पोचला. बेल्मिरो लढाईवर गिनीला गेला. सत्तर सालच्या नोव्हेंबरात त्याची शवपेटी आली.

दुखवट्याला झेफेरिनो फेलिझ्मिनाकडे आला आणि बोलून गेला, "मी तर दोघांना न्यायला तयार होतो."

जानेवारीत भट्टीघरात, कोपरापर्यंत पिठात हात असताना, फेलिझ्मिनानं आत्याला विचारलं, "झेफेरिनोकडे दोघांची जागा होती म्हणे. खरं का गं?"

आत्या मळत राहिली. मग म्हणाली, "खरं."

"आणि तू मला बोलली नाहीस."

"नाही बोलले. तुझा नवरा दोन घोट घेतले की गावभर सांगत सुटतो. शिपाई येऊन दोघांनाही धरून घेऊन गेले असते."

"असं तू ठरवलंस."

"हो. मी ठरवलं."

फेलिझ्मिनानं हात बाहेर काढले. "हिचा हात लागलेला पाव संताच्या टेबलावर जाणार नाही. बाकीच्यांनी काय ते ठरवा."

सगळ्यांत म्हातारी बेनेदिता पुटपुटली, "पीठ फुगायला लागलंय, बायांनो. भांडण उद्या करा." पण आत्यानं एप्रन सोडला, खुंटीला अडकवला आणि ती घरी निघून गेली.

भट्टी माझ्याकडे आली. पहिल्या खेपेला पाव वरून काळे, आत कच्चे. दुसऱ्या खेपेला विटांसारखे. बेनेदितानं एक उचलून टेबलावर आपटला. "संताला बाणांनी मारलं होतं गं, दगडांनी नाही." कुणी हसलं नाही. ते सगळे डुकरांना घातले. दोन दिवस उरले होते.

फेलिझ्मिनानं शाल डोक्यावरून घेतली आणि मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर." आत्याच्या दाराशी ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"भट्टी बघायला चल."

"तुला चालेल?" आत्यानं विचारलं.

"मला नाही चालत. लोक येणार आहेत. चल. आणि माझ्याशी बोलू नकोस."

आत्या आली. दोघी पुन्हा एकाच काथवटीवर वाकल्या, एक या बाजूला, एक त्या बाजूला. पाव पुरले. जेवणाआधी फादर संताची मूर्ती घेऊन टेबलाकडेनं फिरले. प्रत्येक जण मूर्तीचं चुंबन घेत होता. फेलिझ्मिनापाशी ते थांबले, तेव्हा ती मूर्तीलाच हळू आवाजात म्हणाली, "रोगापासून, भुकेपासून सांभाळलंस. लढाईपासून नाही सांभाळलंस." तिनं ओठ लावले नाहीत. फादर पुढे गेले.

त्या आठवड्यात आत्या मला म्हणाली, "तिला जे सांगितलं ते मी नंतर जुळवलंय. नवरा, शिपाई, सगळं. झेफेरिनो समोर बसला होता तेव्हा मला बेल्मिरो आठवलाच नव्हता. माझा सुटतोय एवढंच डोक्यात होतं." हे तिनं फेलिझ्मिनाला कधी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी सांगितलं नाही.

पुढची चार वर्षं दोघी तशाच मळत राहिल्या. पीठ, पाणी, लाकडं, याखेरीज एक शब्द नाही. मग लिस्बनला सरकार पडलं, लढाई थांबली, पळालेली मुलं परतू लागली. पंचाहत्तरच्या जानेवारीत आदेलिनो सणाला आला, दाढी राखलेला, बोलताना मध्येच फ्रेंच शब्द अडकणारा. फेलिझ्मिनाचं दार टाळण्यासाठी तो गोठ्यामागच्या चिखलातून जायचा यायचा. गावानं ते पाहिलं, तिनंही पाहिलं.

भट्टीघरात तिसऱ्या दिवशी ती आत्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या पोराला सांग, पुढच्या वाटेनं जा म्हणावं. चोरासारखा मागून कशाला जातो?"

आत्याचे हात थांबले. "सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आदेलिनो पुढच्या वाटेनं गेला. फेलिझ्मिना दारात बटाटे सोलत बसली होती. त्यानं टोपी काढली. तिनं मान वर केली नाही, पण उठून आतही गेली नाही.